कामवाली पाण्यात उतरली

माझी आई झाडत होती आणि शेजारच्या कॉटेजमधल्या बाईने पाय वर घेतले. बागेतल्या खुर्चीत बसल्या बसल्या. मोबाईलवरची नजर न काढता. दोन्ही पाय उचलून समोरच्या टीपॉयवर ठेवले, म्हणजे खालून झाडू फिरावा. आईने खालून झाडलं. मग बाई म्हणाली,

"मावशी, तिकडे मुलांनी वेफर्स सांडलेत. तेही घ्या."

आईने तेही घेतलं.

मी आमच्या कॉटेजच्या पडवीत उभी होते. तोंडात ब्रश, तोंड फेसाने भरलेलं. हाक मारता येईना. आता वाटतं, फेस थुंकायला असा कितीसा वेळ लागतो? पण मी थुंकले नाही. बघत उभी राहिले. बाईने आत जाऊन प्लास्टिकचा डबा आणला. रात्रीचा उरलेला पुलाव. आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "घरी न्या, मुलांना होईल." आईने डबा घेतला. कपाळाला लावला. अन्न आहे, कोणीही दिलं तरी आई ते कपाळाला लावते.

आम्ही तिथे कामाला गेलो नव्हतो. राहायला गेलो होतो. पाहुणे म्हणून.

पालघरहून मनोरकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की डोंगराच्या अंगाला ही जागा आहे. पाच-सहा कॉटेज, मधोमध सगळ्यांची मिळून एक बाग आणि सगळ्यांचा मिळून एक पूल. फोनवर मॅनेजर म्हणाला होता, "बाग आणि पूल कॉमन आहे, सगळ्या गेस्टसाठी." त्यातलं 'सगळ्या' मला फार आवडलं होतं. मी बोईसरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर घासली आणि त्या वर्षी पर्मनंट झाले. म्हटलं, आता आईला एकदा कुठेतरी न्यायचं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघीच गेलो. मी, आई आणि माझी तिसरीतली मुलगी.

आम्ही वारली. आईचं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. भात कापून झाला की दाराला काटी लावायची, पोरं काखोटीला मारायची आणि भट्टीवर जायचं. पावसाच्या तोंडावर परत यायचं. सुट्टी तिने कधी घेतलीच नाही. काम नसलं की तिच्या घरात चूल थंड असायची, त्याला कोणी सुट्टी म्हणत नव्हतं. त्यामुळे मी राहायला जायचं म्हणाले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथं काय काम हाय?"

आदल्या दिवशी दुपारी रिक्षातून उतरलो तेव्हा गेटवरचा वॉचमनही तेच म्हणाला. "काम पे आए हो? स्टाफ का गेट पीछे है." मी मोबाईलवरचं बुकिंग त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने सलाम ठोकला. मला त्या सलामाचा आनंद झाला, हेही लिहून टाकते.

आता आई सकाळी झाडत का होती, ते सांगते. आमच्या पाड्यावर रीत आहे. ज्याच्या घरी रात्र काढली, त्याचं अंगण सकाळी पाहुण्या बाईने झाडायचं. चहा नंतर, आधी अंगण. कोणी सांगत नाही आणि कोणी आभारही मानत नाही. न झाडता निघालात, तर मागे बायका म्हणतात, आली, जेवली आणि गेली. आई पहाटेच उठली होती. आम्ही झोपेत होतो. ती मागच्या बाजूला गेली तर तिथे झाडलोट करणारी वनिता बादल्या भरत होती. वनिता शेजारच्याच पाड्यावरची. कोणाची कोण, माहेर कुठलं, अशी चौकशी झाली. मग आईने भिंतीला टेकवलेला दुसरा झाडू उचलला. वनिता नको नको म्हणत राहिली. आई ऐकते थोडीच. दोघींनी मिळून बाग झाडायला घेतली, वनिता एका टोकाकडून आणि आई दुसऱ्याकडून. आईच्या टोकाला ती बाई चहा पीत बसली होती.

डबा घेऊन आई पडवीत आली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी तिलाच बोलले. दुसऱ्या कोणाला बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तिला. वड्याचं तेल वांग्यावर काढतात तसं.

"तू झाडू कशाला घेतलास? आपण पैसे देऊन आलोय इथे."

"ज्याचे घरात निजलों त्याचा आंगण झाडाय नको?"

"हे कोणाचं घर नाही, आय. हे भाड्याचं आहे."

"रात तर काढली ना इथं." मग डबा ओट्यावर ठेवत म्हणाली, "ती बाई मावशी बोलली मला. शिवी नाय दिली. तू कशाला तोंड पाडतेस?"

माझी मुलगी पलंगावर बसून ऐकत होती. मी म्हटलं, जाऊ दे. सुट्टीचं मातेरं नको. पुलावाचा डबा मी तसाच कचऱ्यात टाकला. आईने तो बाहेर काढला, झाकण पुसलं आणि वनिताला नेऊन दिला.

उन्हं वर आल्यावर आम्ही पुलाकडे गेलो. तिथे नायलॉनचे कपडे लागतात, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. बोईसरच्या बाजारातून आईसाठी काळी पँट आणि लांब बाह्यांचा काळा टी-शर्ट आणला होता. ते घालून आई आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच हसली. म्हणाली, "मी तं सर्कशीतली दिसते." पण पाण्यात पाय घातला आणि तिचं रूपच पालटलं. तिचं माहेर वैतरणेच्या काठचं. लहानपणी ती नदीत म्हशींबरोबर डुंबलेली. तिने हाताने पाणी मागे सारलं आणि सरळ पलीकडच्या कठड्याला जाऊन लागली. नातीला म्हणाली, "ये, माझे पाठीवर बस." माझी आई नातीला पाठीवर घेऊन पाण्यात फिरत होती आणि मी काठावर बसून बघत होते. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

त्या बाईची दोन मुलं पाण्यातच होती. ती काठावरच्या आरामखुर्चीत होती. तिने गॉगल वर केला. आईकडे नीट पाहिलं. आणि मॅनेजरला हाक मारली.

"अहो, तुमचा स्टाफ पूलमध्ये उतरलाय. आमची मुलं आहेत पाण्यात."

मॅनेजर मंगेश धावत आला. हा आमच्याच बाजूचा, मनोरच्या अलीकडच्या गावातला. पाहुण्यांशी बोलताना पुस्तकातलं बोलतो, आईशी बोलताना घरचं. बुकिंग त्यानेच घेतलं होतं, आमची नावं त्याला माहीत होती. तरी तो बाईला काही बोलला नाही. कठड्याशी वाकला आणि आईला म्हणाला, "आजी, जरा भायेर ये ना. मंग बघू."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आई लगेच बाहेर आली. एक शब्द विचारला नाही, का म्हणून. पाण्याने निथळत त्या बाईसमोर उभी राहिली आणि हात जोडले.

"चुकला बाई माझा."

माझी मुलगी पाण्यातच होती, कठड्याला धरून. ती आजीच्या जोडलेल्या हातांकडे बघत होती. मला भट्टीवरच्या मुकादमासमोरचे हेच हात आठवले. तेव्हा बघणारी पोर मी होते.

मी उठले. आवाज चढला होता. म्हणाले, "ती कामवाली नाही. आम्ही गेस्ट आहोत. पैसे भरलेत. बुकिंग दाखवू का?" आणि खरंच मोबाईल काढून बुकिंग दाखवलं.

बाईचा चेहरा बदलला. वाईट नव्हती ती. खजील झाली. "अय्या, सॉरी हं. खरंच सॉरी. सकाळी झाडू मारताना पाहिलं, म्हणून मला वाटलं कामवाली आहेत. गेस्ट असतील तर काहीच प्रॉब्लेम नाही. या ना आजी, उतरा तुम्ही."

मंगेश हसला. त्याच्या जिवात जीव आला. "झालं तर मग. मिटलं."

मिटलंच होतं. मी बुकिंग दाखवलं, बाईने माफी मागितली. सगळे पाण्याकडे वळले. तेवढ्यात मला वनिता दिसली. धुतलेल्या टॉवेलांची चळत हातात घेऊन ती आमच्या मागेच उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती कोणाकडेच बघत नव्हती. टॉवेलांकडे बघत होती. ती रोज या पुलाचा काठ घासते, पाण्यातली पानं जाळीने काढते. मी तिच्यासमोर मोठ्याने ओरडून सांगितलं होतं, माझी आई हिच्यासारखी नाही. म्हणजे हिला बाहेर काढलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.

मला स्वतःची शिसारी आली. मी बाईकडे वळले.

"आणि कामवाली असती तर?" मी विचारलं.

"म्हणजे?" बाई म्हणाली.

"माझी आई कामवाली असती तर उतरू दिलं असतं का?"

"अहो, प्रत्येक जागेचे नियम असतात. मी सॉरी म्हटलं ना?"

मंगेश मध्ये पडला. "ताई, मिटलेलं उकरू नका. स्टाफने पूलमध्ये उतरायचं नाही हा मालकांचा नियम आहे. तुम्ही स्टाफ नाही ना? मग विषय संपला."

"नाही संपला. मी मघाशी खोटं बोलले. माझी आई कामवालीच आहे. जन्मभर विटा वाहिल्यात. लोकांची अंगणं झाडलीत. तुमचंही आज सकाळी झाडलं. आणि ती आत्ता परत पाण्यात उतरणार आहे, कामवाली म्हणूनच. मला तुमचं सॉरी नको."

बाईने मुलांना हाक मारली. "बाहेर या. आत्ता. अंगावर शॉवर घ्या नीट." मोठा मुलगा विचारत होता, का, का. तिने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. दुसऱ्या कॉटेजमधलं एक जोडपंही उठून गेलं. मंगेश आत गेला आणि 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी आणून काठावर उभी केली. आम्ही पाण्यात असताना. तोवर मीही अंगावरच्या कपड्यांसकट उतरले होते, नायलॉनचे नव्हते, साधे सुती होते. ते अंगाला जड झाले होते. मुलीचा हात धरून मी त्या रिकाम्या पुलात उभी राहिले. मजा वाटत नव्हती. नुसता राग होता. मुलगी कुडकुडायला लागली तरी मी बाहेर येईना.

आई पुन्हा उतरली नाही. मी दोनदा हाक मारली. ती पडवीच्या पायरीवर तशीच ओली बसून राहिली.

"भांडाय नको व्हता," एवढंच म्हणाली. "आपल्याला निभाव लागतो तसा ऱ्हावा."

तिला मी जिंकून दिलं वगैरे काही झालं नाही. तिला मिळालेली एक सकाळही मी तिच्याकडून काढून घेतली, असं तिला वाटलं असेल. तिने कधी विचारू दिलं नाही. ते काळे कपडे धुऊन तिने मला परत दिले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी वनिताला गाठलं. म्हणाले, "तुझ्यासाठीही बोलले मी." मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. ती बादलीत पोछा पिळत होती. हात न थांबवता म्हणाली,

"ताई, तुमी बोलून जाल. मला उद्या इथंच यायचा हाय."

त्या बोलण्याने माझा ताठा उतरला. ती खरं बोलत होती. दोन रात्रींचं भाडं भरून केलेली बंडखोरी होती माझी. रिक्षात बसलं की संपणारी. वाटेत मुलीने विचारलं, "मम्मी, आजी खरंच कामवाली आहे?" आई शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "हो. आणि मीसुद्धा. पुन्हा कोणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही." आई बाहेर बघत राहिली.

जिथे मला उद्याही जायचंच असतं, अशी माझी जागा एकच आहे. कंपनी. तिथे आमचं कॅन्टीन आहे, टेबलं, पंखे, थंड पाणी. कॉन्ट्रॅक्टवर सफाई करणाऱ्या बायका मात्र मागच्या जिन्यात बसून डबा खातात. त्यांनी आत बसायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे. लॅबमध्ये हेल्पर होते तेव्हा मीही त्याच जिन्यात बसले. पर्मनंटचं कार्ड मिळालं तशी आत गेले आणि मागे वळून पाहिलं नाही.

सुट्टी संपवून कामावर गेले त्या दिवशी मी माझा डबा घेऊन जिन्यात गेले. बायका सरकून बसल्या, घाबरल्याच. मी म्हणाले, मी इथे बसायला आले नाही, तुम्हाला न्यायला आलेय. कोणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज विचारत राहिले. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा कच्ची आहे, म्हणून मी सांगितलं, नाव माझं सांगा, हिने बोलावलं म्हणा. काल त्यातल्या दोघी उठल्या आणि माझ्याबरोबर आत आल्या. आम्ही पंख्याखालचं टेबल धरलं. कॅन्टीनचा सुपरवायझर आला आणि मला म्हणाला, "मॅडम, या कॉन्ट्रॅक्टच्या बायका आहेत."

"हो," मी म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टच्याच आहेत."

तो उभा राहिला. आम्ही जेवलो. एकीने अर्धाच डबा खाल्ला, पण ती उठली नाही. संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं आणि समज दिली. पुन्हा असं केलं तर लेखी देऊ, म्हणाले. मी म्हणाले, द्या.

उद्या माझी सकाळची शिफ्ट आहे. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाणार आहे. जितक्या उठतील तितक्यांना आत नेणार आहे, आणि आम्हाला उठवायचं असेल तर कंपनीला हाताला धरून उठवावं लागेल.