हद्दीबाहेरची पायरी

तात्यांनी समुद्राला नापास केलं होतं. समुद्राचा गुन्हा एवढाच, की तो त्यांच्या उंबऱ्यापासून एकशे ऐंशी पावलांवर होता आणि तात्यांची हद्द शंभर पावलांवर संपत होती.

मोजणी खात्यात पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून तात्या निवृत्त झाले, तेव्हा डोंबिवलीच्या मुलाने त्यांना कॅमेरा आणून दिला. चांगला मोठा, गळ्यात अडकवला की माणूस थोडा पुढे झुकेल असा. मांडवीच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या आमच्या आळीला वाटलं, आता म्हातारा रोज संध्याकाळी वाळूवर जाऊन सूर्य बुडवत बसणार. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर उभे राहिले आणि पावलं मोजत निघाले. शंभर भरली तिथे वाकून चुन्याची खूण केली. अशा चार दिशांना चार खुणा; फोटो काढायचे ते यांच्या आतच. खाली नगरपालिकेचा नळ, वर हसीनाबीची मासे विकायला बसायची जागा, डावीकडे पिठाची गिरणी, उजवीकडे परांजप्यांचा फणस. फणस निम्मा आत, निम्मा बाहेर येत होता, तेव्हा तात्यांनी त्याच्या पूर्वेकडच्या फांद्या तेवढ्या मंजूर केल्या. माझं झेरॉक्सचं दुकान चौतिसाव्या पावलावर. म्हणजे मी पुरती हद्दीत सापडले.

मी झेरॉक्स काढते, पासपोर्ट फोटो काढते आणि लोकांचे फोटो छापून देते. त्यामुळे तात्यांचा प्रत्येक फोटो माझ्या डोळ्यांखालून गेला. पहिलाच मोठा फोटो त्यांनी छापायला आणला तो पाहून मी चष्मा पुसला.

"हे काय आहे, तात्या?"

"ओळख बघू."

"फडकं आहे. माझं. लादी पुसायचं."

"फडकं तू बघतेस गो. मी त्यातून गळणारं पाणी बघतो."

"मग बघता बघता जरा पिळून ठेवायचं होतं."

तात्या दुखावले नाहीत. ते कधीच दुखावत नसत. मोजणीच्या वेळी दोन्हीकडच्या भावांच्या शिव्या खाऊन त्यांची कातडी तयार झाली होती. ते शांतपणे म्हणाले, "सूर्यास्त कोणीही काढील, शैला. तिथे सगळं काम सूर्यच करतो. ज्याला घराजवळ काही दिसत नाही, त्याला गणपतीपुळ्यात जाऊनही पार्किंगच दिसणार." हे वाक्य ते आठवड्यातून तीनदा म्हणत. वाक्यात तथ्य होतं, म्हणून ते जास्त डोक्यात जायचं.

हसीनाबी मात्र त्यांना पुरून उरली. तात्या तिच्या पाटीसमोर उकिडवे बसून बांगड्यांच्या पाठीवरची चमक टिपू लागले की ती सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "काय तात्या, बांगड्याचं लग्न जमवताय काय? रोज नवा फोटू!" मग तिने कायदाच केला. फोटो काढला की एक वाटा उचलायचा. तात्यांनी तो कायदा पाळला, कारण कायदा म्हटलं की त्यांचा नाइलाज होई. परिणामी त्यांच्या घरी दिवसातून दोनदा मासे येऊ लागले, आणि ते साफ करत बसायची नलूकाकी.

नलूकाकी म्हणजे तात्यांची बायको, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हद्दीतलं सर्वांत मोठं प्रेक्षणीय स्थळ. विळीवर नारळ खवणारी काकी, तांदूळ पाखडणारी काकी, मागच्या दारी बसून मांदेली साफ करणारी काकी. "अगो, थांब, उजेड येतोय," असं म्हटलं की तिने हात हवेत धरून बसायचं. एकदा भाताच्या वाफेत खिडकीचं ऊन उतरायची वाट बघत तिला पातेल्यावरचं झाकण तीनदा काढायला आणि तीनदा ठेवायला लावलं. शेवटी काकी म्हणाली, "अहो, तुमच्या वाफेपायी पेज झाली. आता पेजेचा काढा." तात्यांनी पेजेचाही काढला.

शेकडो फोटो, आणि त्यातल्या एकातही काकीचा चेहरा नीट नाही. पाठ, मान, काकणांचे हात, भेगाळलेल्या टाचा. मी विचारलं तर उत्तर तयार. "चेहरा खोटं बोलतो. पाठीला ते जमत नाही. तू माणसांचे फोटो काढत नाहीस शैला, कानांचे काढतेस." पासपोर्ट फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात, त्यावरचा हा टोमणा. मी म्हटलं, "माझ्या फोटोवर माणसं दुबईला जाऊन पोचतात. तुमच्या फोटोवर काकी परसातल्या विहिरीपर्यंत तरी पोचेल का?" काकी तेव्हा हसली होती.

काकीचं माहेर संगमेश्वरच्या अलीकडे, हायवेच्या कडेला. कौलारू, चार खोल्यांचं घर. रस्ता रुंद करायचा म्हणून त्या घराच्या भिंतीवर लाल खूण पडली आणि भावाने सही करून दिली. काकीने तात्यांकडे एकच गोष्ट मागितली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि तिने त्यांच्याकडे काही मागितलेलं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं. मागच्या दारी जांभ्या दगडाची एक पायरी होती. तिची आई रोज त्या पायरीवर बसून मासे साफ करायची. रोज एकाच जागी बसून पायरी डावीकडे खोलगट झाली होती. घर पडायच्या आत त्या पायरीचा एक फोटो तिला हवा होता.

"हसीनाबीच्या बांगड्यांसारखाच काढा," ती म्हणाली. "पण काढा."

तात्या म्हणाले, बघू. आधी पावसाळा होता, उजेड बरा नव्हता. मग गणपती आले. मग त्यांनी खात्यातलं ज्ञान बाहेर काढलं. "मी पस्तीस वर्षं हेच केलंय. खुणा पडल्या म्हणजे लगेच घर पडत नाही. दोन वर्षं सहज जातात." आणि माझ्या दुकानात, खालच्या आवाजात, खरं कारण. "एकदा हद्द मोडली की काय राहिलं गो? आज संगमेश्वर, उद्या गणपतीपुळे."

"एसटीने दीड तास लागतो, तात्या. तुम्ही काय सिंगापूरला निघालाय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा प्रश्न आला की माणूस पायांनी अधू होतो, हे मी सासरी आल्यापासून पाहिलं आहे. पण माझंही सांगते. काकी एकदा दुकानात आली आणि म्हणाली, "शैला, मग तूच चल. तुझ्याकडे पण कॅमेरा आहे." मी म्हटलं, "दुकान कोण बघणार, काकी?" ती मान हलवून निघून गेली. शेवटी तिने भाच्याला फोन केला. भाच्याने तत्परतेने फोटो पाठवला. त्यात भाचा होता, भाच्याचा काळा चष्मा होता, दोन बोटं वर केलेली होती आणि मागे अर्धा दरवाजा होता. तोही पुढचा.

घर दोन वर्षं थांबलं नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी भावाचा फोन आला की काल पाडलं. तेव्हा तात्या माझ्याकडे फोटो छापायला बसले होते आणि काकी तो निरोप सांगायला चौतीस पावलं चालत आली. रडली वगैरे नाही. काउंटरवर पडलेला, तिच्याच हातांचा फोटो तिने उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"घराजवळचंच काढायचं, हे तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण पावलं तुम्ही तुमच्या उंबऱ्यापासून मोजलीत. माझ्या उंबऱ्यापासून कोण मोजणार होतं?"

तात्यांनी काउंटरवरचा तो फोटो पालथा केला.

त्या दिवसापासून काकीने फोटोतून अंग काढून घेतलं. भांडण नाही, अबोला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त कॅमेरा वर झाला की हातातलं काम तिथेच टाकून ती आत जायची. तात्या तरीही टिपत राहिले, सवय वाईट. माझ्याकडे छापायला येऊ लागले ते फोटो असे: अर्धा खवलेला नारळ आणि विळी, विळीवर कोणी नाही. सुपात तांदूळ, सूप जमिनीवर. उघड्या दारात एक पायपुसणं.

मुंबईच्या कुठल्याशा स्पर्धेला ते दरवर्षी फोटो पाठवत; या वेळी यातला विळीचा पाठवला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, "रिकाम्या विळीतून जाणवणारी अनुपस्थितीची सघन अनुभूती थक्क करते." मी ते मोठ्याने वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून हसले. "सघन अनुभूती! काकी रागाने उठून गेली होती, हे कळवा की त्यांना." तात्या हसले नाहीत. इतकी वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली, तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. बायकोच्या पाठीच्या फोटोंना कधी मिळालं नाही ते बक्षीस बायकोने पाठ फिरवल्यामुळे मिळालं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना ते दारात उभे. गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या काउंटरवर ठेवला. "हा सांभाळ." एवढंच बोलून एसटी स्टँडकडे निघाले. चुन्याची खूण ओलांडताना क्षणभर थबकले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माणूस समुद्र ओलांडतानाही करणार नाही इतके विचार त्यांच्या पाठीवरून कळत होते.

दुपारी चारला आळीत टेम्पो शिरला. मागे पोत्यावर एकच दगड. पाडलेल्या घराचे दगड मेव्हण्याने नव्या कुंपणासाठी रचून ठेवले होते. त्या ढिगात तात्या दोन तास बसले आणि डावीकडे खोलगट असलेली पायरी त्यांनी हुडकून काढली. म्हणजे काकी सांगत होती तेव्हा ते ऐकत होते. ऐकणाऱ्या कानांचं काय करायचं, एवढंच त्यांना कळलं नव्हतं.

टेम्पोवाला, मी आणि तात्या, तिघांनी मिळून ती मागच्या दारी ठेवली. तात्यांनी कपड्यांची माती झटकली, पुढच्या उंबऱ्यापासून पायरीपर्यंत चालून पाहिलं आणि म्हणाले, "नऊ पावलं. आता हद्दीत आहे."

काकी दारात उभी होती. खाली वाकून तिने पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "उलटी ठेवलीत. खोलगट बाजू डावीकडे."

आम्ही ती फिरवली. टेम्पोवाला तोवर गेला होता, त्यामुळे माझी कंबर पुढे आठवडाभर दुखली.

दुसऱ्या दिवशी काकी त्या पायरीवर मांदेली घेऊन बसली. तात्या मला बोलवायला आले, कॅमेरा परत हवा होता. मी तो घेऊन गेले. त्यांनी हात पुढे केला तशी काकी म्हणाली, "तुम्ही नाही. शैला काढेल."

"काकी, मला तसलं वाफबिफ येत नाही. मी पासपोर्टवाली."

"तसाच काढ."

मी तसाच काढला. "काकी, सरळ बघ. हनुवटी वर. पदर मागे घे, कान दिसू देत." तात्या मागून कळवळले, "अगो, समोरून उजेड नको, चेहरा सपाट येतो—"

"तुम्ही गप्प बसा," काकी म्हणाली, आणि ते म्हणताना जी काही ती दिसली, तेवढ्यात मी बटण दाबलं. फोटोत पायरीचा खोलगट भाग आहे, मांदेलीची परडी आहे, दोन कान आहेत आणि काकी समोर बघते आहे. तात्यांनी तो स्वतः चौकटीत बसवून माजघरात लावला. रिकाम्या विळीचं बक्षीस कपाटातच राहिलं. "फोटो म्हणून सामान्य आहे," असं त्यांनी मला सुनावलं, ते वेगळं.

गेल्या भाद्रपदात तात्या गेले. दोन दिवस ताप, मग हॉस्पिटल, मग फोन. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मुलाने कॅमेऱ्याची सगळी कार्डं शोधली. हजारो फोटो, तात्या एकातही नाहीत. शेवटी तो माझ्याकडे आला. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी काढलेला एक फोटो माझ्या संगणकात होता, तोच मोठा करून दिला. आता ते काकीच्या फोटोशेजारी आहेत. समोरून उजेड, चेहरा सपाट, दोन्ही कान स्पष्ट.

मुलगा काकीला डोंबिवलीला न्यायला निघाला होता. तिने विचारलं, "सातव्या मजल्यावर पायरी कुठे ठेवशील?" तो एकटाच परत गेला. कॅमेरा तिने मला दिला.

परवा मी तिचं लाइटचं बिल भरून पावती द्यायला गेले, तेव्हा ती पायरीवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शैला, तुझं माहेर मुरुडचं ना? दापोलीकडचं?"

"हो."

"घर आहे अजून?"

"आहे. भाऊ विकायचं म्हणतोय."

काकीने एक मांदेली साफ करून परडीत टाकली. "रविवारी दुकान बंद असतं ना तुझं?"

आमच्या मागच्या पडवीत एक बाकडं आहे. त्यावर बसून आई माझ्या वेण्या घालायची. दापोलीची गाडी सकाळी किती वाजता सुटते, ते मी विचारून ठेवलं आहे. उजेड कसा असेल, ते विचारलेलं नाही.