लेखनिकाचा नियम

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना प्राचार्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मी घाबरून गेले. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसू देत नसत आणि तेव्हा अशीच बोलावणी येत. माझी हजेरी मात्र पूर्ण होती.

खोलीत एक मुलगी बसलेली होती. दोन वेण्या, खादीचं परकर-पोलकं म्हणावं असं साधं नेसण, आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. प्राचार्य म्हणाले, "ही आपल्याकडे नवीन आली आहे. इतिहास आणि मराठी, तुझेच विषय. हिला कुणीतरी पुस्तकं वाचून दाखवायला हवं. वाचक नेमायची सोय आहे आपल्याकडे. तुझे उच्चार स्वच्छ आहेत, असं इतिहासाचे सर सांगत होते. बदल्यात तुला ग्रंथालयाच्या कार्डावर दोन पुस्तकं जास्त मिळतील."

दोन जादा पुस्तकांसाठी मी हो म्हटलं. नागपूरजवळच्या मौद्यातल्या आमच्या घरात पंचांग आणि शेतसाऱ्याच्या पावत्या सोडून छापलेलं काही नव्हतं.

ती कन्हानची. चौथीत असताना तिला देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. त्याआधी ती लिहायला-वाचायला शिकली होती, म्हणून अक्षरं कशी दिसतात हे तिला आठवत होतं. पुढे अंध मुलांच्या शाळेत ती ब्रेल शिकली. पण बी.ए.ची पुस्तकं ब्रेलमध्ये कोण छापणार? रोज दुपारी तासिका संपल्या की आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात बसायचो. मी वाचायची आणि ती ब्रेलच्या पाटीवर टोच्यानं टकटक करत टिपणं घ्यायची. मी जरा थांबले की म्हणायची, "काहून वं, थांबली काहून? झोपून राहिली का तू?"

तिला एकदा वाचलेलं पुरायचं. हे मला आठवड्याभरातच कळलं आणि तिथूनच बिनसलं. मी एक प्रकरण तिच्यासाठी वाचायची, मग वसतिगृहात जाऊन स्वतःसाठी पुन्हा दोनदा वाचायची, तरी तह कोणत्या साली झाला हे मला आठवत नसे. तिला पानाच्या कोणत्या भागात ते आलं होतं हेही सांगता येई. "तू पान उलटलं, त्याच्या लगेच नंतर होतं ना," ती म्हणायची आणि मी पुस्तक काढून बघितलं तर तसंच असायचं. माझ्या तोंडून गेलेलं ज्ञान तिच्याकडे राहत होतं आणि माझा फक्त घसा बसत होता.

इतिहासाच्या सरांविषयी मला जे वाटत होतं त्याला मी तेव्हा नाव दिलं नव्हतं. ते फळ्याकडे वळले की मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर बघत बसायची. त्यांनी माझ्या निबंधावर 'चांगला' एवढाच एक शब्द लिहिला होता आणि तो कागद मी गादीखाली ठेवला होता. दिवाळीनंतर त्यांनी एक निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. भोसल्यांच्या नागपुरातल्या कारभारावर होता. पहिल्या वाक्यालाच मी ओळखलं. निबंध तिचा होता. ती सांगत गेली होती आणि मी व्हरांड्यात बसून लिहून घेतला होता. सर वाचत होते, वर्ग ऐकत होता आणि कागदावरची एकेक वेलांटी माझी होती.

वाचून झाल्यावर सरांनी कागद उंच धरला. "आणि अक्षर कुणाचं आहे हे? फार सुरेख."

माझ्या शेजारी बसलेली ती हसून म्हणाली, "हिचं, सर. मी नुसती बडबड करते."

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी जेवणाच्या वेळी मला वरण-भात गेला नाही. वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, पोट बिघडलं असेल.

त्यानंतर मी एक गोष्ट करू लागले. सर तिच्या निबंधांवर बाजूला खूप लिहायचे. 'हे कुठून सुचलं?', 'यावर अजून विचार कर', 'भेटायला ये'. गुण किती मिळाले ते मी तिला सांगायची, शेरे वाचायची नाही. ती विचारायची, "अजून काई लिहिलं का सरांनी?" आणि मी म्हणायची, "नाही गं, काही नाही." असं मी जवळजवळ वर्षभर केलं. लिहायला बसले आहे तर हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षाच्या निकालात ती इतिहासात महाविद्यालयात पहिली आली. माझा नंबर चौथा. लोक मला सांगत, "तुझ्यामुळं झालं हो तिचं." त्यात काय आनंद मानायचा, ते मला कुणी सांगितलं नाही.

अंध विद्यार्थ्याला परीक्षेत अर्धा तास जास्त मिळायचा आणि उत्तरं लिहायला लेखनिक मिळायचा. मी मनात या अर्ध्या तासाचा हिशेब मांडत बसायची. मला अर्धा तास जास्त मिळाला असता तर? मलाही कुणी नुसतं सांगायला बसवलं असतं, हात दुखले नसते, तर? हे विचार किती क्षुद्र आहेत हे कळत होतं. कळूनही ते येत होते.

दुसऱ्या वर्षी लेखनिक तिच्या जुन्या शाळेनंच नेमून दिला होता; शेवटच्या वर्षाचा लेखनिकाचा अर्ज मात्र मीच भरला. मी तिच्याच वर्गात, त्यामुळे मला तिचा लेखनिक होता येत नव्हतं. आमच्याच वसतिगृहातली पहिल्या वर्षाची एक चुणचुणीत मुलगी तिनं ठरवली होती. तिचा लिहायचा वेग असा, की माझ्या मैत्रिणीला बोलताना थांबावं लागत नसे. छापील अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात नियम होता: लेखनिक खालच्या वर्गातील असावा व परीक्षार्थीचा विषय शिकत नसावा. त्या पहिल्या वर्षाच्या मुलीनं इतिहास घेतलेला होता. मला ते माहीत होतं. मैत्रिणीला माहीत नव्हतं, कारण त्या मुलीशी तिचं बोलणं व्हायचं ते स्वयंपाकाचं आणि केसांच्या तेलाचं.

"सगळं वाचलं ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि सही जिथं हवी तिथं तिचं बोट नेऊन ठेवलं. तिनं वाकड्या पण स्पष्ट अक्षरात सही केली.

ती ओळ मी घाईत गाळली की मुद्दाम, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला माहीत आहे.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या तासाला सर वर्गात फिरत फिरत आमच्या बाकापाशी थांबले. "यंदा इतिहासात पहिलं कोण येणार, हे मला कुणी विचारायची गरज नाही," असं म्हणून त्यांनी तिच्या बाजूला बाकावर हलकेच थाप मारली. मी त्याच बाकावर होते. थाप माझ्या कोपराला जाणवली.

तास संपल्यावर मी सरळ कार्यालयात गेले. परीक्षा चार दिवसांवर आली होती. हेडक्लार्क टेबलावर हॉल तिकिटांचे गठ्ठे लावत होते.

"का वं पोरी, तुझं तिकीट तं परवा नेलं ना तू?"

"हो. मला एक विचारायचं होतं. लेखनिकानं तोच विषय घेतलेला असेल तर चालतं का?"

"कोणाचा लेखनिक?"

मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर सारला, फाईल काढली, अर्ज पाहिला, मग पहिल्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. त्यांचं बोट खाली सरकत सरकत एका ओळीवर थांबलं. "बाप्पा!" ते म्हणाले. "हे तं कोणाच्याच ध्यानात आलं नाही." आणि फाईल काखोटीला मारून ते प्राचार्यांच्या खोलीकडे धावत गेले. मी तिथं उभी होते. मला वाटलं होतं की जरा बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी वसतिगृहात पोचली. पहिल्या वर्षाची मुलगी रडायला लागली. माझी मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती, तिच्या हातात टोचा होता आणि ती तो नुसता फिरवत होती. "आता चार दिवसांत कोण मिळते मले?" ती म्हणाली. "ज्याच्या-त्याच्या परीक्षा सुरू आहेत." मी तिच्या शेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मिळेल कुणीतरी."

रेक्टरबाईंनी धावाधाव केली. त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबातली नागपूरच्याच जरीपटका भागातली नववीतली मुलगी मिळाली. ती हिंदी शाळेत शिकणारी. देवनागरी लिहिता यायचं, पण मराठी शब्द लिहिताना अडखळायची. ळ आला की हात थांबायचा.

पहिला पेपर झाला. आम्ही मोठ्या हॉलमध्ये होतो आणि ती व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. आमचा पेपर सुटल्यावर अर्ध्या तासानं ती बाहेर आली, तेव्हा नववीतली मुलगी तिचा हात धरून हुंदके देत होती. "दीदी इतना जल्दी बोलती हैं, मुझसे लिखा ही नहीं गया."

"रो मत," माझी मैत्रीण तिला म्हणत होती. "मैं ही पागल हूँ. मुझे धीरे बोलना चाहिए था." मग माझा आवाज ऐकून माझ्याकडे वळली. "एक प्रश्न पूर्ण राहिला वं. येत होता मले. पूर्ण येत होता."

माझा पेपर उत्तम गेला होता. ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या पेपरला मध्ये दोन दिवस होते. त्या दोन्ही दुपारी ती त्या मुलीला घेऊन वसतिगृहाच्या खालच्या व्हरांड्यात बसली. पुस्तक नव्हतंच. ती तिला नुसते शब्द लिहायला लावायची. होळकर, बाळाजी, पेंढारी, चौथाई. "ळ असा लिही," म्हणत तिच्या तळहातावर बोटानं ळ काढून दाखवायची. आणि स्वतः लहान लहान वाक्यं बोलायची सवय करायची. मी खोलीच्या खिडकीतून बघत होते. खाली जाऊन मदत करायला मला पाच मिनिटं लागली असती.

पुढचे पेपर तिचे पूर्ण झाले.

निकाल लागला. इतिहासात महाविद्यालयात मी पहिली आणि ती दुसरी. तिचा पहिला पेपर तेवढा मागे राहिला होता, बाकीच्या सगळ्यांत ती माझ्या पुढे होती. सर व्हरांड्यात भेटले. "अभिनंदन," ते म्हणाले आणि माझं उत्तर यायच्या आत विचारलं, "तिच्या पहिल्या पेपरात काय झालं होतं?"

ती गुणपत्रिका घ्यायला कार्यालयात गेली, तेव्हा मी बाहेर कडुलिंबाखाली उभी होते. ती काठी टेकत बाहेर आली ती हसतच.

"हेडक्लार्क सांगून राहिले होते," ती म्हणाली, "का तू त्याईले त्या नियमाचं ध्यानात आणून दिलं. म्हणे, तसंच राहिलं असतं अन् विद्यापीठाले नंतर समजलं असतं तर माझा निकालच राखून ठेवला असता. वर्ष गेलं असतं माझं. तू वाचवलं वं मले."

ती हसायची थांबली. तिनं चेहरा माझ्याकडे वळवला.

"पण मले काहून नाही सांगितलं?" तिनं विचारलं. "आधी मलेच सांगायचं ना. मी तेव्हाच दुसरी पाहिली असती. आपून दोघींनी मिळून पाहिली असती."

मी तेव्हा खोटं बोलू शकले असते. कारणं तयार होती. घाई होती, माझ्याच उशिरा लक्षात आलं. पण तिनं आभार मानलेले मला सहन होत नव्हते. मी सांगितलं. अर्जावरची ओळ मी वाचून दाखवली नव्हती हे सांगितलं, कार्यालयात कशासाठी गेले होते हे सांगितलं आणि सरांचे शेरे गाळले होते तेही सांगून टाकलं. सांगताना मी तिच्या पायांकडे बघत होते. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो दोऱ्यानं शिवलेला होता.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "काय लिहीत होते सर?"

मला आठवत होते तेवढे शेरे मी तिला सांगितले, एकेक करून. कुणी वाचून दाखवावं तसे. तिनं ते ऐकले, मान हलवली आणि म्हणाली, "बरं. मी जाते आता, बस सापडत नाही मंग." मी बर्डीच्या बसथांब्यापर्यंत सोडू का, असं विचारलं. ती म्हणाली, "नको."

आम्ही दोघीही एम.ए.ला गेलो, एकाच विभागात. ती तिथंही बोलायची माझ्याशी. तासाची वेळ, वसतिगृहातलं पाणी, कन्हानला आईची तब्येत. पण वाचक म्हणून तिनं विभागाकडे दुसरी मुलगी मागून घेतली. आमच्या मागच्या वर्षाची होती, आवाज जरा किनरा, जोडाक्षरांत अडखळायची. एके दुपारी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक शोधत होते आणि कपाटांच्या पलीकडून तो किनरा आवाज आला. मुलगी अडली. मग माझ्या मैत्रिणीचा आवाज, "काहून वं, थांबली काहून?" आणि दोघी खुदकन हसल्या.

तिच्या गुणांचा, सरांच्या शेऱ्यांचा, अर्ध्या तासाचा मी केलेला हेवा मला आठवतो. पण त्या दुपारी कपाटाआड उभं राहून त्या अडखळणाऱ्या मुलीचा जितका हेवा मला वाटला, तितका कधीच कुणाचा वाटला नाही. मी पुस्तक न घेताच बाहेर आले.