पाण्याखालचं शेत

मास्तरकीतून निवृत्त झालो आणि मला परक्या भाषांच्या व्याकरणाचं खूळ लागलं. तुर्कीत 'गोझ' म्हणजे डोळा. त्याला एक शेपूट लावलं की 'गोझलुक' म्हणजे चष्मा, आणखी एक लावलं की चष्मेवाला. जेवताना मी हे सुरू केलं की बायको म्हणायची, "तुर्की शिकी ऱ्हायनात, नि दळन कोन आनी?" पण खरं वेड लावलं ते दक्षिण अमेरिकेतल्या कॅरिब भाषांनी. एखादी वस्तू एकेकाळी माझी होती, आता नाही, हे सांगायला तिथे नामालाच वेगळा प्रत्यय लागतो. मला ही फारच हुशारी वाटली.

त्याच दिवसांत डोंगरातल्या पोरांसाठी मी भिली-मराठी शब्दांची चोपडी करत होतो. शब्द सांगायची मणिबेली गावची एक आजी. तिचं शेत धरणाच्या पाण्यात गेलेलं. 'शेत' या शब्दापुढे मी मोठ्या हौशीने तिच्या तोंडी एक वाक्य घातलं, "नदीकाठी माझं शेत होतं." छापण्याआधी चोपडी तिला वाचून दाखवली.

ती ऐकून तशीच उठली. नव्या ज्वारीचं गाठोडं घेतलं आणि मला होडीत बसवलं. बऱ्याच आत गेल्यावर होडीवाल्याने न सांगता इंजिन बंद केलं. मला नुसतं पाणीच दिसत होतं. तिने ओंजळभर ज्वारी त्यात सोडली. ज्वारी वरच्या उतारावर पिकलेली, पण घरात अजून कोणी दाणा चाखला नव्हता. पहिला वाटा या शेताचा, मग माणसांचा. होडीवाला म्हणाला, दरसाल असंच असतं.

मग ती बोलली. तिची भिली मी मराठीत सांगतो. "मास्तर, शेत मेलं नाही, बुडालंय. पाणी उतरलं तर मी पेरणार. तू 'होतं' लिहिलंस. माझी नातवंडं तेच वाचणार. मग माझ्यामागे इथे दाणे कोण आणेल?"

मला लाज वाटली. जन्मभर पोरांच्या वह्या लाल केल्या आणि माझीच चूक मला दिसली नव्हती. तिथेच चोपडी काढून 'होतं' खोडलं, वर 'आहे' लिहिलं. होडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं.

तिला वाचता येत नव्हतं. खोडलेल्या जागेवर बोट ठेवून तिने विचारलं, "आता आहे?"

"आहे," मी म्हणालो.

तिने गाठोड्यातली उरलेली मूठभर ज्वारी माझ्या हातावर ठेवली. "घे. आता माणसांनी खायचं."