साहेब खुर्चीवरून उठला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही हसाल—अमरावतीभर साहेबांच्या नकला करून लोकांची पोटं दुखवणारा हा माणूस, याच्याजवळ न सांगितलेलं काय उरलं असणार? उरलंय. साहेबाच्या निरोपाचा किस्सा तुम्ही दहादा ऐकलाय. पण तो मी नेहमी टाळ्यांपाशी थांबवतो.

मी तेव्हा डेप्युटी कमिशनरचा दुभाषा होतो. गोरा साहेब आता जाणार होता. स्वातंत्र्य तोंडावर आलेलं, आणि सगळं शहर जणू झोपेत चालत होतं—पिठासारखा भुरभुर पाऊस, त्यात तरंगणारा साहेबाचा बंगला, अनोळखी माणसाला मिठी मारणारी माणसं. बंगल्यावरचा निरोपसमारंभ मीच बसवला होता. आणि काय रंगला होता हो!

तेवढ्यात दर्यापूरची एक माळीण हार घेऊन पुढे आली. तिचा मुलगा साहेबाच्याच हुकमानं, खटल्याविना, अकोल्याच्या तुरुंगात होता. साहेबाला मराठी 'बसा-उठा'पुरतंच यायचं. तिचं वऱ्हाडी कुठून कळणार?

"साहेब, तुमी तं चाल्ले आपल्या घरी. माह्या गणपतले बी येऊ द्या न घरी. रक्त पडून राह्यलं त्याच्या खोकल्यातून."

एका सहीचं काम. पण—कसं सांगू?—सगळ्यांचे डोळे पाणावलेले, आणि मधेच तुरुंग? माझा खेळ बिघडला असता. मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, तुम्ही आमचे मायबाप. सुखानं घरी पोचा."

साहेब गहिवरला. खुर्चीवरून उठला, तिला हात जोडले. टाळ्या! आणि आमच्या कचेरीत सगळे मानत—साहेब अर्जदारासाठी उठला, म्हणजे अर्ज मंजूर. ती हसली. तशीच अकोल्याच्या मोटारीत बसली, मुलाला आणायला.

साहेब आणखी दोन दिवस होता. त्याच्या पेट्या मीच बांधून घेतल्या. बोललो का? नाही.

नवे अधिकारी रुळेपर्यंत गणपत तुरुंगातच वारला.

मग ती कचेरीत आली. "बाबूजी, साहेब हो म्हणला होता न? मंग कावून नाई सोडलं?"

भोवती माणसं होती. मी हात उडवले. "गोऱ्याचा काय भरोसा, मावशी! फसवलं त्यानं तुले." सगळ्यांनी माना डोलावल्या.

ती अजून दर्यापूरला फुलं विकते. त्या साहेबाला शिव्या देते. मी गेलो की मला बसायला पोतं झटकून टाकते.

मी बसतो.