चुनखडीचं बेट आणि दुसरी पंगत

थायलंडला जायचं ठरलं ते आक्कामुळे. आक्का माझी थोरली बहीण. गुंजीकडच्या शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला. समुद्राचं पाणी चुनखडीचा खडक कसा झिजवतं, हे फळ्यावर काढून दाखवलं. खडक मात्र स्वतः कधी पाहिला नव्हता. सिनेमांमुळे गाजलेलं ते सुळक्यासारखं बेट टीव्हीवर दिसलं की ती घरातल्या सगळ्यांना गप्प करायची. गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा म्हणाली, "त्याच्या आधी एकदा तिथल्या खडकाला हात लावून येऊया गं."

दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लगेच होकार दिला आणि संकेश्वरची अख्खी भावकी गोळा केली. तिथंच माशी शिंकली.

बेळगावहून बसनं बेंगळुरू, तिथून विमानानं फुकेत. तुम्ही जाणार असाल तर होडी सकाळची घ्या. बेट राष्ट्रीय उद्यानात येतं, त्याचं तिकीट वेगळं पडतं. सुळक्यापाशी होड्या नेत नाहीत, तो शेजारच्या बेटावर उतरून बघायचा. त्या बेटावरचा खडकही चुनखडीचाच, त्याला खुशाल हात लावता येतो. फक्त पाणी फार उतरलं की होडी काठाला लागत नाही. हे सगळं आक्कानं आधीच वाचून ठेवलं होतं.

वाटेत खांबांवर वसलेलं कोळ्यांचं गाव लागतं, होड्या तिथं जेवणासाठी थांबतात. आमच्याकडं घरच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गोडाला बेळगावचा कुंदा होता. हॉटेलातून नुसता भात घेतला. चार घास खाऊन निघायचं, तर दाजींनी रीतसर पंगत मांडली. आधी पुरुष आणि पोरं, वाढायला आम्ही बायका. शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

"घ्या की वो आण्णा, अर्धी तरी!" भावकीतल्या आण्णांना दाजींचा आग्रह सुरू.

गाईडनं खांबांवरची ओली खूण दाखवली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, पाणी उतरतंय, निघा.

"बेट काय पळून जातंय व्हय?" दाजी म्हणाले. "बायका जेवल्याबिगर कसं निघायचं?"

"मला भूक न्हाय," आक्का म्हणाली. "चला की."

"तुला उपाशी न्हेऊ व्हय? बस गं."

तिला बसवलं. बायकांची दुसरी पंगत झाली. आक्का भाकरी नुसती कुस्करत होती आणि खांबांकडं बघत होती. मला रडू येत होतं.

बेटापाशी पोचलो तेव्हा पाणी पार उतरलं होतं, नावाड्यानं नकाराची मान हलवली. होडीनं लांबून एक फेरी मारली, भावकीनं हौसेनं फोटो काढले. आक्का कठडा धरून उभी राहिली, मग गुडघे दुखायला लागले तशी खाली बसली.

मी सगळ्यांदेखत बोलले, "दाजी, तिच्यासाठी आलतो न्हवं आपण?"

"दिसलं की न्हाय? मग झालं की!"

माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. परत येऊन महिने झाले. फोटोंत प्रत्येकाच्या मागं बेट आहे, आक्का एकाही फोटोत नाही. ऑपरेशन झालं, आता होडीत चढउतार करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

परवा हिंडलग्याला माझ्या घरी दोघं आली होती. दाजी उत्साहात म्हणाले, "पुढच्या साली सगळी मिळून बालीला जाऊया."

"तुम्ही सगळी जावा," आक्का म्हणाली. "मी घरात एकटी बसून जेवते, माझ्या येळंला."