सरळमार्गीचा पट्टा

पार्लरवालीच्या घरी एका भिंतीला छतापर्यंत कप्पे होते, आणि त्यांत कपडे सोडून सगळं होतं. म्हणजे साप होते. बॉल पायथन जातीचे. नाव ऐकून पाहुणे चपला न काढताच परत फिरत, पण हा अजगर लहानखुरा, बिनविषारी आणि कमालीचा भित्रा. घाबरला की डोकं मध्ये खुपसून अंगाचा चेंडू करतो. "अगदी आमच्या चिरंजीवांसारखा," सासूबाई म्हणत, आणि पार्लरवालीचा नवरा वर्तमानपत्रात आणखी आत शिरे.

दिवसभर ती बायकांचे केस रंगवायची. काळ्याचे सोनेरी, पांढऱ्याचे काळे. महिन्याभरात मुळं उघडी पडत आणि त्याच बायका तक्रार घेऊन परत येत. असल्या रंगाचा तिला मनापासून वीट आला होता. सापांचं तसं नव्हतं. अंड्यात पिल्लू घडत असताना रंगाच्या पेशी कण्याजवळून निघतात आणि अंगभर पसरतात. कोणी कुठवर जायचं, कुठे थांबायचं, हे बहुतेक आई-बापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. म्हणून तर हौशी लोक जोड्या जुळवून पिवळे, पांढरे, ठिपक्यांचे साप काढतात. एखादी नक्षी एका पिढीत दिसते, एखादी दोन पिढ्या दडी मारून बसते. पण जी खरी ती पुढे जाते. पार्लरवालीला अशी एक नक्षी हवी होती, कुणाकडेच नसलेली, तिच्या घरात निघालेली.

आनुवंशिकतेबद्दल सासूबाईंचं शास्त्र जास्त सुटसुटीत होतं. नातीचे कुरळे केस त्यांच्याकडून, गालावरची खळी त्यांच्याकडून, गणितातली बोंब सुनेच्या माहेरून.

आणि एका कडाक्याच्या थंडीत ती नक्षी खरंच निघाली. जुन्या फ्रिजला खाली तापणारी तार लावून पार्लरवालीने अंडी उबवायची पेटी केली होती. खालच्या थाळीतली पिल्लं नेहमीसारखी निघाली, तपकिरी अंगावर वेडेवाकडे डाग. वरच्या थाळीतली दोन मात्र वेगळीच. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एकच सरळ पट्टा, जणू कुणी भांग पाडलाय. एक नर, एक मादी. नराचं नाव तिने तिथल्या तिथे ठेवलं, सरळमार्गी.

तिने दाढीवाल्याला फोन लावला. साप पाळणाऱ्यांच्या जगात दाढीवाल्याच्या यादीत नक्षी आली की ती खरी.

"ताई, पेटी जास्त तापली नव्हती ना?" त्याने पहिलंच विचारलं. "अंडी तापली तरी पट्टे येतात. ते त्या पिल्लापुरतेच. पुढे जात नाहीत."

"माझ्या पेटीतल्या तापमापकाचा काटा जागचा हलत नाही," ती तुटकपणे म्हणाली. काटा खरंच हलला नव्हता. फक्त तो खालच्या थाळीजवळ होता.

"मग दोघांना मोठं होऊ द्या आणि जोडी लावा. दोघंही पट्ट्याचे, त्यामुळे नक्षी खरी असेल तर पिल्लांत दिसलीच पाहिजे. दिसली की मी स्वतः येतो. यादीत नक्षीचं नाव तुम्ही सांगाल ते."

चार वर्षं पार्लरवाली त्या नावावर जगली. मादी वयात यायला तेवढा वेळ लागतोच. गिऱ्हाइकांच्या डोक्याला रंग लावता लावता ती त्यांना पट्ट्याची गोष्ट सांगे, आणि त्या बिचाऱ्यांना उठूनही जाता येत नसे. कुणी हात लावू नये म्हणून तिने पेटी आपल्या खोलीत हलवली आणि दाराला कुलूप घातलं.

जोडी लावली त्या दिवशी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सख्खे बहीणभाऊ ना गं?"

"सापांत चालतं, आई."

"चालत असेल. मी शेजारी सांगणार नाही."

यथावकाश अंडी आली. फुटायला लागली त्या सकाळी तिने पार्लर बंद ठेवलं आणि दाढीवाल्याला बोलावून घेतलं. पहिल्या अंड्याला चीर पडली, इवलंसं डोकं बाहेर आलं, मग मान. मानेवर डाग. दुसऱ्याच्याही मानेवर डाग. दुपारपर्यंत सगळी बाहेर आली, आणि पट्टा एकाच्याही पाठीवर नव्हता. कुठल्याही दुकानात मिळतात तसली साधीसुधी पिल्लं.

पार्लरवाली पेटीसमोर फतकल मारून बसली. दाढीवाला वाटेत होता. अंडी नासली म्हणून सांगावं, पिल्लं कपाटात लपवावीत, असं तिच्या मनात येऊन गेलं. पेटीचा काटा ठीक होता, आई-बाप दोघं पट्ट्याचे होते, मग नक्षी गेली कुठे?

तेवढ्यात कुलूप उघडं बघून सासूबाई आत आल्या. हातात ओली शाल. त्या सरळ पेटीकडे गेल्या आणि शाल वर पसरली, नीट, कोपरे ओढून.

"आई, काय करताय?"

"वाळत घालतेय. तू खोलीला कुलूप लावून ठेवतेस म्हणून, नाहीतर या पेटीवर काय छान वाळायची. मागे त्या थंडीत रोज घालायचे."

पार्लरवालीने शालीकडे बघितलं. शालीखाली पेटीच्या माथ्यावरची भोकं होती, गरम हवा बाहेर जायला ठेवलेली. ती बुजली की वरची थाळी तापणार. खालचा काटा बिचारा जागच्या जागी.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. कधी स्वेटर, कधी शाल. का? काय बिघडलं?"

पार्लरवालीला आधी रडू आलं, मग हसू, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. चार वर्षं तिने ज्याला मुळातला रंग समजून जपलं, तो वरून लावलेला निघाला होता. तोही दुसऱ्याच बाईने, न विचारता.

दाराची बेल वाजली. तिने शाल उचलली, दाढीवाल्याला आत आणलं आणि पिल्लं त्याच्यापुढे ठेवली.

"पट्टा पुढे गेला नाही," ती म्हणाली. "त्या वेळी वरची अंडी तापली होती. तुम्ही म्हणाला होता तेच. चूक माझी."

दाढीवाल्याने पिल्लं पाहिली, मग सरळमार्गीला हातावर घेऊन उजेडात धरलं. "लबाडी करता आली असती तुम्हाला," तो म्हणाला. "पण आहे देखणा."

"असणारच," दारातून सासूबाई म्हणाल्या. चार वर्षांत त्यांनी त्या सापाकडे एकदाही बघितलं नव्हतं. आता चष्मा लावून जवळ आल्या. "म्हणजे हा पट्टा माझ्यामुळे आला?"

"तुमच्यामुळेच, आई."

"तरीच. चांगलं ते आमच्याकडचं." मग त्यांनी साध्या पिल्लांच्या डब्यात डोकावून बघितलं. "आणि ही तुझ्या वळणावर गेली."