न्हाणीचं दार

त्या वर्षी चांगल्या भावाची वाट पाहत कापूस घराघरात पडून होता. आमची पुढची खोलीही आढ्यापर्यंत भरलेली. आम्ही सगळे मागच्या खोलीत. अशात ग्रामपंचायतीनं दवंडी पिटली: पाच वर्षं घरटॅक्स वाढणार नाही.

कोणाला आनंद झाला असेल तर शपथ! "कापसाले भाव देत नाहीत, अन् टॅक्स थांबवून राह्यले? दाल में काला हाय," आमचे हे म्हणाले. हे बाभुळगावला तहसीलात बाबू. दिवसभर लोकांच्या अर्जात खोट शोधायची, तीच सवय घरी. गावानं त्यांचंच खरं धरलं. आधी घरांची नवी मोजणी करतील, टॅक्स वाढवून लिहितील, मग थांबवतील! झालं. कोणी ओसरीचे टिन उतरवले, कोणी सिमेंटच्या भिंतीला शेण फासलं. आमच्याकडे माझ्या न्हाणीवर संक्रांत आली.

लग्नानंतर सात वर्षं मी दोन खाटा उभ्या करून, वर लुगडं टाकून आंघोळ केली. रस्त्यानं कोणी खाकरलं तरी जीव मुठीत. शेवटी माहेरच्या पाटल्या मोडल्या, चार भिंती उभ्या केल्या, टिनाचं दार लावलं. ते दार ह्यांनी भर दुपारी उचकटलं अन् कापसात पुरलं. न्हाणीत गोवऱ्या रचल्या. "दार नसलं तं खोली धरत नाहीत," म्हणे. असा संताप आला होता!

मोजायला कोणी आलंच नाही. टॅक्सची पावती जुन्याच आकड्याची आली. मी म्हटलं, "आता तरी बसवा दार."

"इतक्यात नाही. आपण कधी बसवतो, तेच पाहून राह्यले असतील."

पुढच्या ग्रामसभेत मीच उठले. पदर डोक्यावर घेतला अन् सरपंचांना म्हटलं, "आमची न्हाणी लिहून घ्या. दारासकट. लावा टॅक्स."

मागून आवाज आला, "बाबूची बायको हाय. उगाच नाही मागत. आतली खबर असन."

घरी आल्याबरोबर ह्यांनीही तेच धरलं. "खरं सांग, तुले कोणं काय सांगतलं?"

मी तशीच पुढच्या खोलीत गेले. दोन्ही हातांनी कापूस उपसला, दार ओढून काढलं. गोवऱ्या अंगणात फेकल्या. सुताराला बोलावून बिजागऱ्या ठोकून घेतल्या. आत गेले, कडी लावली अन् पहिला तांब्या डोक्यावर घेताना मोठ्यानं रडले.

बाहेर हे अजून विचारतच होते, "पण तुले सांगतलं कोणं?"